जेव्हीएलआर आणि बाबांचा डावा हात

आज परत बाबांचं डायलिसिस पाऊण तास उशिरा लागलं. कारण तेच, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड, म्हणजे जेव्हीएलआर. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो, हॉस्पिटल पवईला. सात किलोमीटर. मी सव्वा तास हातात ठेवून निघते आणि तरी उशीर होतो! अख्खा रस्ता साडेदहा किलोमीटरचा, त्यात ही अवस्था.

ट्रॅफिक एक वेळ सहन करेन. खड्डे नाही. बाबांच्या डाव्या हाताला फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या. रिक्षा आदळली की ते उजव्या हाताने तो हात छातीशी घट्ट धरतात आणि डोळे मिटून घेतात. बोलत काहीच नाहीत. येताना तर बीपी उतरलेलं, अंगात त्राण नसतं, मान माझ्या खांद्यावर. आणि खड्डे भरतात कशाने? पेव्हर ब्लॉकने! डांबरात पेव्हर ब्लॉक टिकत नाही, दोन सरी आल्या की उखडतो, हे रिक्षावाल्या काकांना कळतं. बिलं पास करणाऱ्यांना कळत नसेल? दर पावसाळ्यात तोच खड्डा, तीच खडी, तेच पैसे. कुणाच्या खिशातले? आमच्याच ना!

याच रस्त्यावर मेट्रो 6 चं काम 2018 पासून चालू आहे. मेट्रो हवीच आहे मला, तिच्यावर राग नाही. पण खांब उभे राहिले, वर गर्डर चढले, मग खालचा रस्ता तरी नीट करून द्या की! दुर्गानगरला आज आमच्या मागे ॲम्ब्युलन्स अडकली होती. सायरन वाजतोय, आणि बाजूला सरकायला कुणालाच जागा नाही. डावीकडे डंपर, उजवीकडे मेट्रोच्या कामाचे पत्रे.

दुसरा रस्ता घ्या म्हणणाऱ्यांनी नकाशा बघावा. वर नॅशनल पार्क पसरलंय. आरेतला रस्ता सोडला तर पूर्व-पश्चिम जायला थेट घोडबंदर. खाली अंधेरी-कुर्ला रोड, त्याचीही तीच गत. म्हणून सीप्झची, आयआयटीची, पवईची सगळी गर्दी या एकाच रस्त्यावर. गोरेगाव-मुलुंड लिंक रोड होणार, पार्काखालून 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे. होऊ देत. बाबांना आठवड्यातून तीनदा जायचंय, बोगदे होईपर्यंत थांबता येत नाही.

गुरुवारी सकाळी आठचा नंबर आहे. आता सव्वासहालाच निघणार, म्हणजे बहात्तर वर्षांच्या माणसाला पाचला उठवायचं. सात किलोमीटरसाठी!