केंद्र काढताय? आधी समित्या नेमा

पर्यावरणीय आरोग्य संशोधन केंद्राच्या संचालकपदी तुमची नेमणूक झाली, अभिनंदन! अतिरिक्त कार्यभार असला म्हणून काय झालं, खुर्ची तर खरी आहे. आता उत्साहाच्या भरात लोक एवढे का खोकतात ते शोधायला बसू नका. खोकला कुठे पळून जात नाही. आधी समित्या नेमा.

वर नियामक मंडळ, त्याखाली शास्त्रीय सल्लागार समिती आणि बाजूला नैतिकता समिती, म्हणजे अभ्यासात घेतलेल्या माणसांवर अन्याय होत नाही ना ते पाहणारी, जिला सगळे एथिक्स कमिटीच म्हणतात. शास्त्रीय समितीचा अध्यक्ष दिल्लीचाच हवा. निदान दिल्लीचं विमान पकडायची घाई असलेला तरी हवा. फुप्फुसवाले, विषशास्त्रवाले, साथरोगवाले सगळे घ्या, फक्त संख्याशास्त्रज्ञ जपून निवडा. ही जमात पहिल्याच बैठकीत विचारते, "तुलनेसाठी स्वच्छ हवेचं गाव कुठलं घेतलंत?" असं गाव सापडलंच तर समितीला कळवण्याआधी तिथे प्लॉट घेऊन ठेवा.

बैठकीत वाद रंगायला हवा, त्याचीही सोय आहे. पीएम २.५ या बारीक धूलिकणांसाठी आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ५. एकाने ४० धरायची, दुसऱ्याने ५. जेवणाची घंटा होईपर्यंत काळजी नाही. दोघांच्या मध्ये जो श्वास घेत असतो, तो सभेला नसतोच.

नसतो म्हणजे, नसावा असा प्रयत्न करावा लागतो. कारण इथे नियम आडवा येतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की नैतिकता समितीत ७ ते १५ सदस्य असावेत, निम्मे संस्थेबाहेरचे असावेत, अध्यक्षही बाहेरचा असावा आणि सदस्यांत एक सामान्य व्यक्ती असावी. डॉक्टर नको, शास्त्रज्ञ नको, साधा माणूस! सगळ्या रचनेतली ही एकच जागा धोक्याची. बाकीच्यांना काय विचारायचं नाही ते ठाऊक असतं, ह्याला ते ठाऊक नसतं.

तेव्हा सामान्य माणूस निवडताना असामान्य काळजी घ्या. औष्णिक वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्याशेजारी राहणारा नको, त्याला कपडे वाळत घालायचा अनुभव असतो. खाणीतला, गिरणीतला नको. निवृत्त प्राचार्य उत्तम. रोटरीचे माजी अध्यक्ष त्याहून उत्तम, त्यांना आभारप्रदर्शन तोंडपाठ असतं. अगदीच गळ्याशी आलं तर सासऱ्यांचे स्नेही घ्या. नात्यात बसत नाहीत, म्हणजे बाहेरचेच झाले.

आता गुपित सांगतो. केंद्र संचालक चालवत नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. केंद्र चालवतो सदस्य-सचिव. अध्यक्ष बाहेरचा असला तरी सचिव संस्थेतलाच असतो, हीसुद्धा त्याच नियमांची कृपा. बैठकीत कोण काय बोललं याला महत्त्व नाही, इतिवृत्तात काय उतरलं याला आहे. "हे धडधडीत चूक आहे" असं कुणी ओरडलं की लिहायचं, "सदस्यांनी मौलिक सूचना केल्या." पुढच्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करताना सगळ्यांचं लक्ष समोरच्या काजूंकडे असतं.

बैठक कधी ठेवावी? ऑगस्टमध्ये. पावसाने हवा धुऊन निघालेली असते, यंत्रावरचे आकडे वर्षातले सगळ्यात गोड असतात. पाहुण्यांना क्षेत्रभेट घडवायची तर तेव्हाच घडवा, डोंगर हिरवे आणि धुराड्यांवर ढग. जानेवारीत कुणी येतो म्हणाला तर विश्रामगृहाचं आरक्षण मिळत नाही असं कळवा. थंडीत गार हवा खाली बसते, धूर अडकून राहतो, आणि पाहुणे सभागृहातच खोकू लागले तर ते इतिवृत्तात कसं घेणार?

आणि निष्कर्षाची घाई नको. भोपाळ आठवा. वायू सुटला २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री. त्याच आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे दीर्घकालीन अभ्यास १९९४ साली आवरते घेतले गेले, त्यांचा अहवाल २००४ साली छापून आला, आणि पर्यावरणीय आरोग्याची राष्ट्रीय संस्था त्या शहरात उभी राहिली २०१० साली. त्या रात्री जन्मलेलं मूल तोवर सव्वीस वर्षांचं होत आलं होतं. इथे मला विनोद सुचत नाही, पुढे जाऊ.

एवढी दक्षता घेऊनही कधी चूक होते. प्राचार्य आजारी पडतात, गणपूर्तीसाठी कुणीतरी वस्तीतल्या अंगणवाडीताईंना आणून बसवतं. त्या चहासुद्धा घेत नाहीत, संमतीपत्रकाची वीस पानं उलटत बसतात. शेवटी "ऐनवेळचे विषय, अध्यक्षांच्या परवानगीने" आलं की विचारतात, "साहेब, रक्त घेताना बायांनी ह्याच्यावर अंगठे दिले, पण हे तर इंग्रजीत आहे. आणि रक्ताचा रिपोर्ट त्यांना कोण देणार?"

घाबरू नका. अध्यक्षांना घड्याळ दाखवा. ताईंचं मनापासून कौतुक करा, टाळ्याही वाजवा. मग भाषांतरासाठी एक उपसमिती नेमा आणि रिपोर्टचा प्रश्न तिच्याच कार्यकक्षेत टाका. उपसमितीचा सदस्य-सचिव कोण असावा, हे आता तुम्हाला सांगायला नको.