रीमॅप आणि खान्देशातला मे महिना

जळगाव-धुळ्याच्या गाडीवेड्या मंडळींत सध्या एक संदेश फिरतो आहे. कंपनी इंजिनाची ताकद मुद्दाम दाबून ठेवते. ‘स्टेज वन’ रीमॅपमध्ये, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवण्याच्या पहिल्या पायरीत, एकही पार्ट बदलत नाही, म्हणून इंजिनाच्या आयुष्यावर काडीचाही परिणाम होत नाही. वर मायलेजही वाढते, असे त्यात म्हटले आहे.

पुरावा म्हणून फियाटच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलचे उदाहरण दिले आहे. तेच इंजिन स्विफ्टमध्ये ७५ अश्वशक्तीचे आणि सियाझमध्ये ९० चे होते, म्हणजे मधले १५ घोडे कंपनीने कुलपात ठेवले, असा तर्क. आकडे बरोबर आहेत, पण ७५ च्या इंजिनावर साधा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) असतो आणि ९० च्या इंजिनावर पात्यांचा कोन बदलणारा, ज्याला आपण व्हीजीटी म्हणतो. संदेशकर्त्याने निवडलेल्या उदाहरणातच पार्ट बदललेला आहे.

दुसरा मुद्दा अधिक घातक आहे. टॉर्क वाढवायचा तर दर स्फोटाला जास्त हवा आणि जास्त डिझेल जाळावे लागते, आणि त्यातून वाढणारा दाब व उष्णता त्याच जुन्या पिस्टनने, कनेक्टिंग रॉडने आणि क्लचने सोसायची असते. त्यात आपला मे महिना. पारा ४५ वर गेला की हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ६ टक्के विरळ होते, त्यामुळे तेवढीच हवा भरण्यासाठी मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकणारा छोटा टर्बो आणखी पळवावा लागतो आणि टर्बोतून आलेली तापलेली हवा निववणाऱ्या इंटरकूलरला गार वाराच मिळत नाही. मूळ सॉफ्टवेअर अशा वेळी आपणहून डिझेल कमी करते; रीमॅपची फाइल, म्हणजे बदललेले सॉफ्टवेअर, लिहिणारा नेमक्या याच मर्यादा अनेकदा सैल करतो. डायनोवरची (गाडी जागेवरच पळवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची) पंधरा सेकंदांची धाव आणि चाळीसगावहून भरल्या गाडीने चढलेला कन्नड घाट यांत हाच फरक आहे.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका रीमॅप केलेल्या गाडीच्या इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) उतरवताना मी शेजारी उभा होतो. तिसऱ्या पिस्टनच्या माथ्याची कड मेणासारखी ओघळली होती, सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचा चंदेरी पट्टा उमटला होता, आणि डायनोचा कागद अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात होता. ‘काहीच नही होत भो’ म्हणणारा ट्यूनर तेव्हा फोन उचलत नव्हता. अर्थात इंजेक्टर गळत असला तरी पिस्टन असाच जातो, त्यामुळे सगळे खापर मी फाइलवर फोडणार नाही. परंतु इंजेक्टर न तपासता फाइल चढवली कशी, हा प्रश्न उरतोच. इंजेक्टर व क्लच तपासून, मोठा इंटरकूलर बसवून, उन्हात घाटावर तापमानाच्या नोंदी घेत केलेल्या रीमॅपला माझा विरोध नाही. त्याला मात्र ‘फक्त सॉफ्टवेअर’ म्हणता येत नाही.

परवानगीविना फेरफार केल्यास मोटार वाहन कायद्यात दर बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, हेही संदेशात नाही.

राहिले मायलेज. हलक्या पायाने चालवल्यास डिझेलमध्ये थोडा फरक पडू शकतो, हे मान्य. पण मीटरवर दिसणारा आकडा इंजेक्टरला दिलेल्या हुकुमांवरून काढलेला असतो, आणि कित्येक फाइलींमध्ये नेमके तेच हिशेब बदललेले असतात. म्हणून टाकी काठोकाठ भरावी, जळगाव-धुळे चार फेऱ्या कराव्यात, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरावी आणि मग भागाकार करावा.