डोंगर जांभळा दिसतो तेव्हा

नमस्कार. वाईजवळ मेणवलीच्या नदीघाटावर मी केलेल्या जलरंगचित्रांवर तुम्ही लिहिलंत : "वाईचे डोंगर आम्ही लहानपणापासून बघतोय, ते कधी जांभळे नव्हते. स्वतःला रंग आवडतात म्हणून ते निसर्गावर लादू नयेत."

'लादू नयेत' हे लागलं. मी स्पॉटवर तासन्‌तास बसतो ते नेमकं लादणं टाळायलाच.

डोंगर हिरवा, कातळ काळा हे आपल्याला आधीच पाठ असतं. एक करून पाहा. पांढऱ्या पोस्टकार्डाला पेन्सिल जाईल एवढं भोक पाडा, हात लांब धरून त्यातून फक्त लांबच्या डोंगराचा तुकडा बघा. डिसेंबरातली सकाळ असेल, तर कार्डाच्या पांढऱ्याशेजारी तो निळसर-जांभळाच दिसेल. मधल्या हवेतून निळा प्रकाश जास्त विखुरतो आणि तो निळा थर डोंगरावर चढतो. शिवाय पायथ्याचं गवत तेव्हा पितळेसारखं पिवळं झालेलं असतं. पिवळ्याशेजारी राखाडीही जांभळा भासतो. पॅरिसच्या गोबलँ या चित्रपट विणणाऱ्या (टॅपेस्ट्रीच्या) कारखान्यात काळे धागे फिके दिसतात अशी तक्रार होती. शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने शोधलं, तर दोष काळ्या रंगाचा नव्हताच, शेजारच्या रंगांचा होता. १८३९ साली त्याने त्यावर ग्रंथच लिहिला.

मी काळा रंग वापरत नाही. भिजलेल्या कातळासाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी कागदावरच एकमेकांत सोडतो. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा खरखरीतपणा आपोआप येतो. तो क्षण मला फार प्रिय आहे, इतक्या वर्षांनीही. ट्यूबमधला तयार हिरवाही घेत नाही, कारण जुलैतल्या भाताच्या तरव्याचा हिरवा वेगळा, भाद्रपदातल्या रानाचा वेगळा, आणि आंब्याच्या जुन्या पानात तर तांबडं मिसळल्याशिवाय भागतच नाही.

प्रकाश वीसेक मिनिटंच टिकतो. म्हणून आधी पेन्सिलने छटांच्या नोंदी, मग मोठे वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचे पातळ थर. उरलेलं दुसऱ्या दिवशी, त्याच वेळी, त्याच पायरीवर. कोल्हापुरात चित्रकार आबालाल रहिमान कोटितीर्थ तलावाच्या काठी राहून तेच पाणी, तीच झाडं रंगवत राहिले. एका जागेत किती रंग असतात, हे मला त्यांच्या चित्रांनी दाखवलं.

एका ठिकाणी मात्र तुमचं बरोबर आहे. तिसऱ्या चित्रातलं केशरी आभाळ मी घरी आल्यावर वाढवलं. घाटावर ते इतकं पेटलेलं नव्हतं. मला तो रंग सोडवेना. 'लादलं' हा शब्द त्या आभाळाला लागू पडतो, डोंगराला नाही. त्या पायरीवर परत जाऊन ते चित्र नव्याने करणार आहे. तुम्ही वाईचेच असाल तर सकाळी सातच्या सुमारास घाटावर या. भोक पाडलेलं कार्ड मी आणतो.