नारळ तोडतात म्हणे!

आज डोकंच फिरलंय म्हणून लिहितेय, लांबेल, सांभाळून घ्या. लेकीचं मराठीचं वर्कशीट घरी आलं, चित्र बघून क्रिया लिहायची. पोरीनं लिहिलं, नारळ फोडला, मडकं फोडलं, पेन्सिल मोडली, फूल तोडलं. दुसरीतली पोर! तर तीन ठिकाणी लाल फुली आणि खाली शेरा, 'सगळीकडे तोडणे, करेक्शन करून आणा.' अहो हिंदीत चालत असेल, आपल्यात देवापुढं नारळ तोडतात होय?

मला आमची खानापूरकडची आजीच आठवली. परसात माठाचा वाफा होता, मला म्हणाली जा, चार शेंडे खुडून आण. मी शहाणी, मुळासकट उपटून आणला ढीगभर माठ. ओरडली नाही हं. नुसतं म्हणाली, "आगं, खूड म्हणलं होतं मी. खुडलं की परत फुटतं. उपटलं की संपलं बघ." आणि सगळी रोपं परत लावायला लावली, त्यातली निम्मी मेलीच.

आता सांगा हा फरक वर्कशीटवर कसा शिकवणार? निपाणीकडच्या कुणालाही विचारा, तंबाखूचा शेंडा खुडतात म्हणजे पानं भरतात, तिथं कुणी 'तोडा' ऐकून झाड आडवं केलं तर? ऊस तोडायचा, भात कापायचं, कापूस वेचायचा, भाताचं तरू मात्र उपटायचंच, कारण ते दुसरीकडं लावायचं असतं. शब्द चुकला की काम चुकतं एवढं साधं आहे.

बरं कन्नडमुळं मराठी बिघडली म्हणणाऱ्यांनी गप्प बसा. आमच्या शेजारच्या अक्का साडी 'उट्कोंडे' म्हणतात आणि फुलं 'मुड्कोंडे', आपण नेसतो आणि माळतो, अगदी तसंच. त्यांच्या नातीला येतं ते. आमच्याकडं? साडी घातली, गजरा घातला, चष्मा घातला, सगळं घातलं! कांदा कट कर, भांडी वॉश कर. १९५६ पासून आपण सीमेसाठी भांडतोय, दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षर बारीक झालं तर पेटून उठतो, आणि स्वयंपाकघरात 'कट कर'. मीपण त्यातलीच म्हणा, परवाच कोथिंबीर 'क्लीन कर' म्हणाले, निवड म्हणायचं सुचलंच नाही. आजी असती तर...

भाषा बदलते, मान्य. मोबाईलवर 'सेव्ह कर'च म्हणणार, त्याला काय. पण नारळ?

फुल्या मारणाऱ्या बाईंवर मघाशी जाम चिडले होते, आता जरा निवळलेय. लहान मुलगी आहे ती, वर्ग भरलेला, वर्कशीट छापील आलेलं, उत्तरंपण बहुतेक त्यातच. तिला कुणी माठ खुडायला पाठवलं असेल का कधी? आमच्या आजीनं निम्मा वाफा घालवला तेव्हा कुठं मला एक शब्द आला.

मी वर्कशीटवर पेन्सिलनं चिठ्ठी लिहायला बसले, तर लेक म्हणते, "मम्मी नको लिहू, मला स्टार पाहिजे." आणि स्वतःच 'फोडला' खोडायला लागली.

खोडरबर मी लपवून ठेवलंय. सकाळपर्यंत काय ते ठरवते.