प्रयोगशाळेतल्या डुकराबद्दल

प्राण्यांवरच्या प्रयोगांचा विषय निघाला की लोक लगेच दोन बाजूंना उभे राहतात. एक म्हणतात सगळं बंद करा, दुसरे म्हणतात विज्ञानात लुडबुड नको. मला दोन्ही पटत नाही. हृदयविकार आणि मधुमेहाच्या संशोधनात डुक्कर आज तरी लागणार आहे. पण ज्या आजारावर औषध शोधायचं, तो आजार त्या डुकराला असायला हवा. आणि त्याच्यावर केलेला एकही प्रयोग फायलीत दडपून ठेवायची मुभा कुणाला नको.

डुक्करच का? उंदराचं हृदय मिनिटाला 500-600 ठोके देतं. त्याचं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे ज्याला 'चांगलं कोलेस्टेरॉल' म्हणतात त्यात असतं, त्यामुळे जनुकांत फेरफार केल्याशिवाय त्याच्या धमन्या सहसा तुंबत नाहीत. डुकराचं हृदय आकाराने, ठोक्यांनी आणि धमन्यांच्या मांडणीने आपल्या खूप जवळचं आहे.

आज घरोघरी कुणाला ना कुणाला स्टेंट, म्हणजे तुंबलेली धमनी उघडी ठेवणारी जाळीची बारीक नळी, बसलेला असतो. माणसाच्या आधी नव्या स्टेंटची चाचणी बहुधा डुकरावर होते. भूल देऊन नळी थेट हृदयाच्या धमनीपर्यंत नेतात. स्टेंट मुद्दाम धमनीच्या मापापेक्षा थोडा जास्त फुगवतात, म्हणजे आतलं अस्तर दुखावतं. साधारण 28 दिवसांनी डुकराला मारून त्या धमनीच्या पातळ चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात आणि आत किती पेशी माजल्या ते मोजतात. हे वाचून पोटात कालवतं. कालवायलाच हवं.

यातली बरीच डुकरं कोवळी आणि ठणठणीत असतात. आपला पेशंट साठीचा, साखर वाढलेली, बीपीच्या गोळ्या चालू. निरोगी जनावरात गुण देणारं औषध या माणसात फसलं, तर दोष फक्त औषधाचा नाही.

अमेरिकेत जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ ओसाबॉ नावाचं बेट आहे. स्पॅनिश लोकांनी आणलेल्या डुकरांचे वंशज तिथे पिढ्यान् पिढ्या रानात राहिले. कधी ओकची फळं मुबलक, कधी उपासमार. त्यात चरबी साठवून ठेवणारीच तगली. त्यांना बंदिस्त ठेवून तुपकट-गोड खाऊ घातलं की वाढलेलं वजन, शरीराने इन्सुलिनला न जुमानणं, रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी, रक्तदाब आणि धमन्यांचा आजार असं सगळं एकत्र येतं. खर्च जास्त आणि वेळही जास्त, पण प्रयोग करायचा तर अशा जनावरावर करा.

अर्थात तेही आपल्या भारतीयांसाठी पुरेसं नाही. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपला आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबी, ही आपली खरी अडचण. तिची मुळं आईच्या पोटातल्या कुपोषणापर्यंत जातात, हे याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मायलेकरांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून दाखवलं. हे तपासायलाही डुक्कर कामाचं. डुकरिणीच्या एकाच वेतात एखादं पिल्लू आपसूकच किरकोळ वजनाचं निपजतं. ते आणि त्याचं भरलेलं भावंड शेजारी ठेवून अभ्यास करता येतो. हा प्रश्न आपला, तेव्हा हे काम आपल्या देशात व्हायला हवं.

राहिला दडपादडपीचा मुद्दा. माणसांवरच्या औषध चाचण्यांची आधी सीटीआरआय या जाहीर सरकारी नोंदवहीत नोंद करणं आपल्याकडे 2009 पासून सक्तीचं आहे. डुकरावरच्या प्रयोगाची अशी जाहीर नोंद सक्तीची नाही. औषध चाललं नाही की निकाल कपाटात जातो, आणि दुसरीकडे कुणीतरी तेच करायला पुन्हा तितकीच डुकरं मारतं. मोठ्या प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय समितीची परवानगी लागतेच ना? मग त्याच परवानगीत अट घाला: प्रयोग संपल्यावर वर्षभरात निकाल सगळ्यांसाठी खुला. फसला असेल तरीही.