जिल्हा परिषदेत राजकारण हवे, नेमणुकांत नको

जिल्हा परिषदेच्या कारभारात राजकारण्यांची लुडबूड नको, असे आपल्याकडे शिकलेला माणूस सहज बोलून जातो. माझी सगळी नोकरी एका जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नेमणुका-बदल्या पाहणाऱ्या शाखेत झाली, आणि हे वाक्य मला नेहमी अर्धवट वाटत आले आहे. जिल्हा परिषद ही राजकीय संस्थाच आहे आणि ती तशी असावी म्हणूनच जन्माला आली. निवडून आलेल्या सदस्याचे नियंत्रण जिल्ह्याच्या धोरणावर आणि पैशावर असायला हवे, एखाद्या शिक्षिकेने कोणत्या गावी काम करावे यावर ते असता कामा नये, एवढेच माझे म्हणणे आहे. आज नेमके याच्या उलट घडलेले आहे.

वसंतराव नाईक समितीने मार्च १९६१ मध्ये अहवाल दिला, त्यावरून त्याच वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. ती रचना फार विचाराने केलेली होती. कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवले गेले. आमदार-खासदारांनाही सदस्यत्व दिले नाही, कारण जिल्ह्यात नवे, स्वतंत्र नेतृत्व उभे राहावे अशी अपेक्षा होती. ठराव सदस्यांनी करायचा आणि तो मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने अमलात आणायचा. तो अधिकारी राज्य सरकारचा, बहुतेक खातेप्रमुखही सरकारचे. मात्र शिक्षक, ग्रामसेवक, आरोग्य सेविका, लिपिक, परिचर हे वर्ग तीन आणि चारचे कर्मचारी परिषदेचे स्वतःचे. अधिकारी आणि पदाधिकारी यांच्यात ओढाताण होणार हे त्या रचनेत गृहीतच धरलेले होते, आणि सभेत उघडपणे होणारी ओढाताण मला आजही लोकशाहीचे निरोगी लक्षण वाटते.

पुढे परिषदेच्या हातातले मोठे निर्णय एकेक करून वर गेले. १९९८ च्या कायद्याने जिल्हा नियोजन समिती आली आणि तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे गेले. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत संस्थांकडे सोपवायच्या २९ विषयांची यादी दिली खरी, पण योजना वरून येतात, निकष वरून येतात, वित्त आयोगाचा पैसाही बंधित (ठरलेल्या कामांसाठीच) आणि अबंधित अशा कप्प्यांत वाटूनच येतो. उरतो तो सेस फंड, म्हणजे परिषदेचे स्वतःचे उत्पन्न. त्यातून शिलाई मशीन, सायकली, ताडपत्र्या वाटता येतात, चार शाळाखोल्यांची दुरुस्ती होते. गावोगाव मते मागून निवडून आलेल्या सदस्याला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडलो हे दाखवायचे असते, आणि त्यासाठी हाताशी काय उरते, तर ‘बदली’. सदस्यांना दोष देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. धोरण ठरवण्याचा अधिकार काढून घेतलेला माणूस नेमणुकांत लक्ष घालणार, हे उघड आहे.

ऑनलाइन पद्धत येण्यापूर्वीचा बदल्यांचा मे महिना आस्थापना शाखेत बसलेल्या कोणालाही विसरता येणार नाही. ज्येष्ठता यादी भिंतीवर लागलेली असे आणि टेबलावरच्या प्रत्येक अर्जाला टाचणीने कोणा सदस्याचे लेटरहेड जोडलेले असे. मजकूर ठरलेला: “सदर शिक्षिका माझ्या परिचयाच्या असून त्यांच्या अडचणीचा सहानुभूतीने विचार व्हावा.” त्याखाली साहेबांनी “नियमानुसार तपासून सादर करावे” असे लिहिले, तर नियम खरोखर पाहायचा असे, नुसते “चर्चा करावी” लिहिले, तर कोणाशी चर्चा करायची हे लिपिकाला माहीत असे. रोड टच, म्हणजे रस्त्यालगतच्या शाळांवर अर्जांचा ढीग पडे आणि डोंगरातल्या वस्तीशाळेसाठी एकही अर्ज नसे. ज्याला वशिला नाही तो डोंगरात जाई आणि तिथेच राही. ज्याचे काम झाले, तो पुढच्या निवडणुकीपर्यंत त्या सदस्याच्या उपकारात असे आणि गावच्या पारावर बसताना त्याची बाजू सोडू शकत नसे. शाळेतील मुलांशी ज्याचे नाते असायचे, त्या शिक्षकाचे नाते गटाशी जुळे. नुकसान मुलांचे झाले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

२७ फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय आला आणि शिक्षकांच्या बदल्या संगणकावर गेल्या. अवघड क्षेत्र कोणते, बदलीपात्र (ज्याची बदली करायची तो) कोण, बदली अधिकारप्राप्त (अवघड क्षेत्रात राहून बदली मागण्याचा हक्क मिळालेला) कोण, प्राधान्याच्या विशेष संवर्गात कोणाला घ्यायचे, हे लिहून ठरले. त्या निर्णयात दोष होते. दिव्यांगत्वाची खोटी प्रमाणपत्रे निघाली, पती-पत्नी एकत्रीकरणासाठी अंतराचे चुकीचे दाखले जोडले गेले, दुसऱ्याने जागा मागितल्याने विस्थापित झालेल्या शिक्षकांची फरपट झाली, आणि २०२१ मध्ये सुधारित निर्णय काढावा लागला. तरीही मी त्या पद्धतीच्या ठाम बाजूने आहे. अवघड क्षेत्रात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला प्रथमच कोणाच्या दारात न जाता खाली उतरता आले. अन्याय झाला असे वाटले, तर कोणत्या कलमाने झाला हे बोट ठेवून दाखवता येऊ लागले.

मात्र पाणी दुसऱ्या वाटेने आत शिरतेच. ती वाट म्हणजे ‘कामगिरी’, म्हणजे पद मूळ जागी ठेवून माणसाला तात्पुरते दुसरीकडे कामाला पाठवणे. बदली ऑनलाइन होते. कामगिरीवरची नेमणूक आजही तोंडी किंवा साध्या पत्राने होते. द्विशिक्षकी शाळेतील एक शिक्षक तालुक्याच्या कार्यालयात माहिती भरायला बसतो. त्याचा पगार शाळेच्या नावावर निघतो आणि पटावर दोन्ही पदे भरलेली दिसतात. प्रत्यक्षात एकच बाई पहिली ते चौथीचे चार वर्ग एका खोलीत सांभाळते, आणि तिने रजा घेतली की शाळेला कुलूप लागते. असे पत्र कोणाच्या फोनवरून निघाले, हे कोणत्याही नस्तीत (फाइलीत) सापडत नाही.

महापालिकांत हेच वरच्या पातळीवर चालते. आयुक्त नेमायचा राज्याने, पण पाच अष्टमांश नगरसेवकांनी ठराव केला तर त्याला परत बोलवायचे, असे कायदा सांगतो. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत १११ पैकी १०४ नगरसेवकांनी आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध मत दिले. राज्य सरकारने तो ठराव अमलात येऊ दिला नाही आणि मार्च २०१७ मध्ये स्वतःच त्यांची बदली केली. मुंढे बरोबर की नगरसेवक, हा वाद बाजूला ठेवू. नगरसेवकांचे म्हणणे टिकले नाही आणि आयुक्ताचा कार्यकाळही टिकला नाही. दोन्ही वेळी निर्णय मंत्रालयातून झाला.

मार्च २०२२ मध्ये बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्यायला सांगेपर्यंत तीन वर्षे उलटली होती. या काळात “बरे झाले, सदस्यांचा त्रास गेला” असे म्हणणारे पुष्कळ भेटले. मला ते मुळीच पटत नाही. आमदारांचे आणि पालकमंत्र्यांचे फोन थांबलेले नव्हते. थांबली होती सर्वसाधारण सभा. औषधे का संपली, टँकर का आला नाही, हे ज्या जागी उभे राहून विचारता येत होते आणि ज्याचे उत्तर इतिवृत्तात लिहावे लागत होते, ती जागाच उरली नव्हती. वरून येणारे नियंत्रण कायम राहिले, खालून येणारे तेवढे संपले.

म्हणून माझी मागणी दुहेरी आहे आणि तिचे दोन भाग वेगळे करता येत नाहीत. जिल्हा नियोजनातला मोठा हिस्सा जिल्हा परिषदेने स्वतः ठरवावा आणि त्याचा जाब मतदारांनी सदस्यांना विचारावा. त्याच वेळी कोणत्याही एका कर्मचाऱ्याच्या नेमणुकीसाठी आलेली शिफारस, मग ती सदस्याची असो, आमदाराची असो की मंत्र्याची, नस्तीला लावून जाहीर करावी. कामगिरीवर पाठवलेल्या प्रत्येकाचे नाव, मूळ शाळा, आदेशाचा दिनांक आणि मुदत यांची यादी दर महिन्याला स्थायी समितीपुढे यावी आणि पंचायत समितीच्या फलकावरही लागावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. सर्वसाधारण सभेचा एक ठराव पुरेसा आहे, आणि तो मांडायला एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो.