दादा द्वारकेवरून येत नव्हता

नाशिकच्या जेलरोडवरून सिडकोत माझ्याकडे यायचं तर सरळ रस्ता द्वारका चौक आणि मुंबई नाका. दादा मात्र वर्षभर वडाळा-पाथर्डी रस्त्याने वळसा घालून यायचा. विचारलं की म्हणायचा, "तिकडे जॅम असतो." नाशिककराला एवढं उत्तर पुरतं. मलाही पुरलं, आणि त्याचंच आज सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

दादा सतरा वर्षं तोपखान्यात होता. ट्रेनिंग इथेच नाशिकरोड कॅम्पला, ट्रेड ड्रायव्हरचा, हवालदार म्हणून पेन्शनवर आला आणि एका खासगी हॉस्पिटलची ॲम्ब्युलन्स चालवायला लागला. फौजेत काय पाहिलं ते तो कधी बोलला नाही, आम्हीही खोदून विचारलं नाही. झोपेतून उठवताना त्याला हात लावायचा नाही, लांबून हाक मारायची, हे वहिनी लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीतच शिकली होती. आम्हाला वाटायचं, फौजी माणसं असतातच अशी.

२०२३ मध्ये एका संध्याकाळी द्वारकेच्या सर्कलला त्याची गाडी अडकली. मागे नऊ वर्षांचा मुलगा होता. ड्रायव्हरला मागचं दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. मुलाची आई मधल्या काचेवर हात आपटत होती. मग तिचा आवाज थांबला. एवढंच त्याने मला सांगितलं, तेही खूप उशिरा. त्या रात्री गाडी धुऊन तो आणखी दोन कॉलवर गेला, कारण ड्युटी संपायची होती.

नंतर तो हॉलमध्ये दाराजवळ बूट घालून झोपायला लागला. मिलिटरी कॅन्टीनचा दारूचा कोटा आधी पाहुण्यारावळ्यांत वाटला जायचा, तो पंधरा दिवसांत संपू लागला. भाचा सायकल घेऊन निघाला की हा मागोमाग चालत जायचा. बीपीच्या गोळ्यांसाठी दर महिन्याला डॉक्टरांसमोर बसायचा. बीपी मोजलं जायचं, पण झोप लागते का हे त्यांनी विचारलं नाही आणि याने सांगितलं नाही. कुणी दृष्ट काढायला सांगितली, कुणी सप्तशृंगीला जाऊन यायला. वहिनीने दोन्ही केलं.

आपल्या देवळालीच्या नावावरून इंग्रजीत वेडासाठी शब्द आहे, डूलॅली. १८६१ पासून तिथे ब्रिटिश सैनिकांचा ट्रान्झिट कॅम्प होता. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत तिथे थांबायचे. बोटी सुटायच्या साधारण नोव्हेंबर ते मार्च, त्यामुळे एप्रिलमध्ये सुटलेल्याचा अख्खा उन्हाळा-पावसाळा तिथेच जायचा. काहींचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डूलॅली टॅप' म्हणत. टॅप म्हणजे आपला ताप. नोकरी संपल्यावर, घरी परतायच्या वाटेवर माणूस ढासळतो, हे आपल्या गावाने तेव्हाच पाहिलंय. पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनाला जडणारा आजार, हे नाव अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत आलं १९८० साली. आमच्या घरात ते आलं २०२४ मध्ये.

"त्रास होत असेल तर सांग" या वाक्याची मला आता चीड येते. कोण सांगेल? ड्रायव्हर म्हणाला झोप येत नाही, तर त्याच्या हातची गाडी जाईल. जवानाला मेडिकल कॅटेगरी खाली जायची भीती. फायरमनला आणि पोलिसाला आपल्याच माणसांत 'कच्चा' ठरायची भीती. म्हणून माझं म्हणणं आहे की हात वर करायची वेळच कुणावर आणू नका. वाईट कॉलवर गेलेल्या प्रत्येकाची तपासणी करा, साहेबापासून वॉर्डबॉयपर्यंत. सगळेच जाणार असतील तर कुणाकडे बोट दाखवता येत नाही.

पण त्याच रात्री सगळ्यांना गोल बसवून "काय पाहिलं ते सांगा" असंही नको. एका बैठकीतल्या अशा बळजबरीच्या बोलण्याने आजार टळत नाही, जागतिक आरोग्य संघटनासुद्धा ते करू नका म्हणते. आधी जेवण, झोप, घरची माणसं आणि पुढच्या शिफ्टला सुट्टी. बरेच जण काही आठवड्यांत आपोआप सावरतात. महिना उलटूनही तेच डोळ्यांसमोर येत असेल, माणूस ती जागा टाळत असेल, साध्या आवाजाने दचकत असेल, तर उपचार हवेत. म्हणून महिन्याने बोलवा, आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलवा.

हे नाशिकमधून लिहितेय त्याला कारण आहे. २७ ऑगस्ट २००३, सिंहस्थातली चेंगराचेंगरी, ३९ भाविक गेले. २१ एप्रिल २०२१, झाकीर हुसेन रुग्णालयातली ऑक्सिजन गळती, वीसहून जास्त पेशंट गेले. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे औरंगाबाद रोडवर बस पेटली, १२ जण गेले. मृतांचे आकडे आपल्याला पाठ आहेत. ते देह ज्यांनी उचलले त्यांना आज झोप लागते का, हे आपण कधी मोजलं? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, पूल, कॅमेरे यांच्या बातम्या रोज वाचते. बंदोबस्तावर उभं राहणाऱ्यांच्या मनासाठी तरतूद किती, ते कुणीतरी विचारा. मी विचारतेय.

दादाला उपचारापर्यंत नेलं ते आमच्या समजावण्याने नाही. त्याच्या युनिटमधला एक जण घरी आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "मी पण जातो रे डॉक्टरकडे." बस. त्याआधी वहिनीने १४४१६ ला फोन केला होता. ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, मोफत, रात्रंदिवस, मराठीत बोलतात. सैन्यदलांसाठी तिचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ पासून पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजात, आहे. मग मानसोपचारतज्ज्ञ आणि एक थेरपिस्ट मॅडम, आठवड्यातून एकदा, चार महिने. त्या संध्याकाळचा प्रसंग ठरवून, थोडा थोडा, पुन्हा पुन्हा बोलायचा. पहिले काही आठवडे तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि वहिनीला वाटायचं, आपण चूक तर केली नाही ना. नव्हती केली.

सगळं संपलंय असं नाही. पावसाळ्यात अजून झोप मोडते. गाडी त्याने सोडलेली नाही.

यंदा राखीपौर्णिमेला बाराला येतो म्हणाला आणि पाऊण वाजता आला. ताट तयार होतं, भाचा भुकेला होता, मी थोडी चिडलेच होते. दादाने चपला काढल्या, पाटावर बसला आणि म्हणाला, "द्वारकेला जॅम होता."